पहिला धडा थांबण्याचा : ब्राझिलियन जिऊ-जित्सू शिकायला सुरुवात करताना



आपल्या वस्त्यांतील मुलांच्या मोबाइलवर अलीकडे कुस्तीसारखा दिसणारा एक खेळ वारंवार दिसतो. दोघे गादीवर झटापट करतात, एक जण दुसऱ्याचा हात किंवा गळा पकडतो आणि दुसरा हाताने थाप मारताच पकड सुटते. या खेळाला ब्राझिलियन जिऊ-जित्सू म्हणतात. तो पाहून काही मुले गल्लीतल्या फरशीवर एकमेकांचे गळे आवळून बघतात, तर काही मुली घरी विचारतात, "मी हे शिकू का?" पहिली गोष्ट जिवावर बेतू शकते. दुसरीचे मात्र स्वागत करायला हवे. दोन्ही बाबतींत आई-वडिलांना नीट माहिती असावी, म्हणून या वेळचे आरोग्याचे पान आम्ही या विषयाला दिले आहे.

ही विद्या आली कुठून?

1882 साली जपानमधील टोकियो शहरात जिगोरो कानो या तरुण शिक्षकाने एइशोजी नावाच्या बौद्ध मंदिरात बारा चटयांच्या जागेत एक शाळा सुरू केली. जुन्या जपानी जिऊ-जित्सूमधील घातक प्रकार त्यांनी सरावातून बाजूला काढले. कोणालाही इजा न होता पूर्ण ताकदीने सराव करता यावा, हा त्यांचा हेतू होता. या विद्येला त्यांनी ज्युदो हे नाव दिले. याच परंपरेतील मित्सुयो माएदा 1914 मध्ये ब्राझीलला पोहोचले आणि पुढे बेलेम या शहरात स्थायिक झाले. तिथे कार्लोस ग्रेसी हा मुलगा त्यांच्याकडे शिकला. कार्लोस आणि त्यांच्या भावांनी रिओ दी जानेरो शहरात शाळा काढली. धाकटे भाऊ हेलिओ अंगाने किरकोळ होते. जमिनीवर पडल्यावर बारीक माणसाने जड माणसाला कसे आवरायचे, यावर या घराण्याने भर दिला.

या इतिहासातले दुसरे एक नाव आपल्या वाचकांनी आवर्जून लक्षात ठेवावे. ते म्हणजे ओस्वाल्दो फाद्दा. माएदांच्याच परंपरेतील लुईझ फ्रांसा यांच्याकडे ते शिकले होते. रिओच्या सुखवस्तू भागांत ही विद्या पैसे मोजून शिकवली जात होती. तेव्हा फाद्दा शहराबाहेरच्या बेंतो रिबेरो या कष्टकऱ्यांच्या उपनगरात शिकवत. 1950 साली त्यांनी तिथे शाळा काढली. ज्यांच्याकडे फी नव्हती त्यांना ते मैदानात आणि समुद्रकिनारी फुकट शिकवत. पुढे त्यांच्या विद्यार्थ्यांनी ग्रेसींच्या शाळेला जाहीर आव्हान दिले आणि त्या सामन्यांत सरशी मिळवली. घोट्याच्या डावांत फाद्दांची मुले तरबेज होती. त्या डावांना वरच्या वर्गात 'उपनगरी' म्हणून हिणवले जाई. विद्या कोणा एका घराण्याची मालकी नसते, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. आजही रिओमधील कान्तागालो या डोंगरावरच्या झोपडवस्तीत, तिथेच वाढलेले विश्वविजेते फेर्नांदो 'तेरेरे' यांच्या प्रयत्नातून वस्तीतील मुलांना ही विद्या शिकायला मिळते.

कुस्तीपेक्षा वेगळे काय?

आपल्याकडच्या कुस्तीत पाठ टेकली की कुस्ती संपते. जिऊ-जित्सूमध्ये पाठ टेकल्यावर निम्मा खेळ सुरू होतो. खाली पडलेला माणूस हरलेला मानला जात नाही. दोन पाय आणि कंबर वापरून तो वरच्याला रोखू शकतो, उलटवू शकतो किंवा त्याच्यापासून सुटू शकतो.

यामागे तरफेचा साधा नियम आहे. जड दगड हातांनी हलत नाही, पण पहार लावली की हलतो. माणसाच्या शरीरात सर्वांत ताकदवान भाग मांड्या आणि कंबर हे आहेत. खाली असलेली सडपातळ मुलगी वरच्याला हातांनी ढकलू लागली तर ती थकेल. तीच मुलगी पायांची आणि कंबरेची ताकद त्याच्या एका हातावर किंवा तोलावर लावेल, तेव्हा फरक पडेल. तरीही वजनाला आणि ताकदीला काहीच किंमत नाही, असे कोणी सांगत असेल तर ते खोटे आहे. दोघांना सारखेच येत असेल तर जड माणूस वरचढ ठरतो. म्हणूनच स्पर्धा वजनगटांप्रमाणे होतात.

दुसरा नियम असा की आधी जागा, मग डाव. समोरच्याला खाली पाडले की 2 गुण, त्याच्या पायांचा अडथळा ओलांडून बाजूने दाबले की 3, छातीवर बसले किंवा पाठीवरून पकडले की 4 गुण मिळतात. सुरक्षित जागा मिळण्याआधी डाव मारायला जाणारा नवखा बहुधा स्वतःच अडकतो.

थाप : सगळ्यात आधी हेच शिकायचे

डाव लागला, दुखू लागले किंवा नुसती भीती वाटली, तरी समोरच्याच्या अंगावर किंवा गादीवर दोन-तीन वेळा स्पष्ट थाप मारायची. हात अडकले असतील तर पायाने मारायची किंवा तोंडाने "बस" म्हणायचे. थाप मिळताच समोरच्याने त्याच क्षणी सोडायचे. यात वाद नाही, चेष्टा नाही, "अजून थोडा दम धर" नाही.

नवखी मुले, विशेषतः तरुण मुलगे, थाप मारायला लाजतात. ती हार वाटते. आम्ही त्यांना सांगू इच्छितो की थाप म्हणजे पुढच्या दिवशी पुन्हा सरावाला येण्याची सोय आहे. जो थाप मारत नाही, त्याचा कोपर किंवा गुडघा निखळतो आणि तो सहा महिने घरी बसतो. आपल्यापैकी अनेकांच्या घरी हातावर पोट आहे. मोडलेला हात म्हणजे बुडालेली मजुरी.

पंचशील पाळणाऱ्याने अशी विद्या शिकावी का, असेही काही उपासक विचारतात. आमचे मत असे की ज्या सरावात समोरच्याचा हात मोडण्याइतकी पकड हाती असताना एका थापेवर ती सोडायची असते, तो संयमाचाच सराव आहे. समता सैनिक दलाची परंपरा असलेल्या समाजाला शिस्त आणि स्वसंरक्षण यांची सांगड नवी नाही.

पहिल्या तीन महिन्यांत काय शिकावे?

मोबाइलवर शेकडो डाव दिसतात. नवशिक्याला पुढील सहा गोष्टी पुरेशा आहेत.

1. पडणे. हनुवटी छातीला लावायची, पाठ गोल करायची आणि दोन्ही हात शरीरापासून थोडे दूर, तळवे खाली करून गादीवर आपटायचे. डोके आपटू द्यायचे नाही. मागे पडताना सरळ हात टेकवायचा नाही, नाहीतर मनगट मोडते.

2. कंबर उचलणे. उताणे झोपून टाचा ढुंगणाजवळ घ्यायच्या, पाय रोवून कंबर वर उचलायची आणि एका खांद्यावर वळायचे. भार खांद्यावर घ्यायचा, मानेवर कधीच नाही.

3. कोळंबी. कोळंबी जशी अंग मुडपून मागे सरकते तशी ही हालचाल आहे. कुशीवर वळून, पाय रोवून कंबर मागे ढकलायची. यामुळे आपल्यात आणि वरच्या माणसात जागा तयार होते. बहुतेक सुटका या एका हालचालीवर उभ्या आहेत.

4. सांभाळून उठणे. बसल्या स्थितीत एक हात मागे टेकवायचा, त्याच्या विरुद्ध बाजूचा पाय समोर रोवायचा, दुसरा हात तोंडासमोर धरायचा. कंबर उचलून मोकळा पाय खालून मागे घ्यायचा आणि समोरच्याकडे तोंड ठेवूनच उभे राहायचे. पाठ फिरवायची नाही.

5. छातीवर बसलेल्यापासून सुटका. त्याचा एक हात आपल्या छातीशी घट्ट धरायचा, त्याच बाजूचा त्याचा पाय आपल्या पायाने अडवायचा. आता त्या बाजूला त्याला टेकायला हात नाही आणि पायही नाही. कंबर जोरात उचलून त्याच बाजूला वळले की तो कलंडतो.

6. पायांची मिठी. खाली असताना दोन्ही पाय समोरच्याच्या कंबरेभोवती घालून घोटे एकमेकांत अडकवायचे आणि त्याला आपल्याकडे ओढून ठेवायचे. तो ताठ बसू शकला नाही तर जोर लावू शकत नाही.

यातील दुसरी, तिसरी आणि चौथी हालचाल एकट्याने, सतरंजीवर जाड गोधडी घालून घरीही करता येते. प्रत्येकी दहा वेळा रोज. जोडीने करायचे सर्व काही फक्त गादीवर, शिक्षकासमोर.

या सर्वांबरोबर श्वास सांभाळायचा. नवखा माणूस खाली दबला की श्वास कोंडतो आणि दोन मिनिटांत थकतो. आनापानसतीचा सराव असणाऱ्यांना इथे फायदा होतो. दाब आहे, पण श्वास चालू आहे, एवढे कळले की घबराट उतरते.

गळ्याच्या डावाबद्दल स्पष्ट इशारा

मानेच्या दोन्ही बाजूंनी मेंदूला रक्त नेणाऱ्या मोठ्या धमन्या जातात. गळ्याच्या डावात त्या दाबल्या जातात आणि काही सेकंदांतच माणूस बेशुद्ध होऊ शकतो. बेशुद्ध होणारा थाप मारू शकत नाही. म्हणून गळ्यावर दाब जाणवताच थाप मारावी. लहान मुलांनी हे डाव घरात, शाळेत किंवा गल्लीत कधीही करू नयेत. "किती वेळ टिकतोस बघू" हा खेळ जीव घेऊ शकतो.

सरावात कोणी बेशुद्ध झाले तर पकड लगेच सोडावी आणि सपाट झोपवावे. तोंडात पाणी घालू नये. बहुधा काही सेकंदांत शुद्ध येते. शुद्ध आली नाही किंवा श्वास नीट चालत नसेल तर लगेच 108 ला फोन करावा. शुद्ध आली तरी त्या दिवशी सराव बंद. नंतरच्या काही दिवसांत मानेत तीव्र वेदना, बोलताना अडखळणे, एका बाजूला अशक्तपणा किंवा नजर अंधुक होणे यांपैकी काही दिसले तर तातडीने मोठ्या रुग्णालयात जावे. मानेतील धमनीला इजा झाल्याची ती खूण असू शकते.

घोटा आणि टाच पिळण्याचे काही डावही नवख्यांनी टाळावेत. टाच पिळताना जोर गुडघ्यावर येतो आणि वेदना उशिरा होते. दुखेपर्यंत गुडघ्याचा स्नायुबंध फाटलेला असतो.

सिकलसेल असलेल्यांनी काय करावे?

हा मुद्दा आपल्या समाजासाठी विशेष महत्त्वाचा आहे. विदर्भात आपल्या अनेक कुटुंबांत सिकलसेल आढळतो. कोणताही अंगमेहनतीचा खेळ सुरू करण्याआधी मुलांची रक्ततपासणी झाली आहे का, हे पाहा. सरकारी दवाखान्यात आधी साधी चाचणी होते आणि ती सदोष आली तर पुढची चाचणी करून वाहक की रुग्ण हे ठरवतात.

वाहकांनी, म्हणजे ए.एस. असलेल्यांनी, खेळ सोडण्याचे कारण नाही. मात्र पहिल्या दिवसापासून जिवाच्या आकांताने सराव करू नये. उन्हाळ्यात, पत्र्याखालच्या कोंदट जागेत, पाणी न पिता सलग जोर लावल्यास क्वचित स्नायूंना गंभीर इजा होऊन माणूस कोसळू शकतो. हळूहळू वाढवावे, मध्ये थांबावे, पाणी प्यावे, ताप-जुलाब असताना सराव करू नये. पायांत अचानक शक्तीच राहिली नाही किंवा लघवी गडद रंगाची झाली तर थांबून दवाखान्यात जावे आणि आपण वाहक असल्याचे सांगावे.

रुग्णांनी, म्हणजे एस.एस. असलेल्यांनी, डॉक्टरांच्या परवानगीशिवाय हा खेळ करू नये. अति श्रम आणि पाण्याची कमतरता यांमुळे वेदनेचा झटका येऊ शकतो. काहींचा खुब्याचा सांधा आधीच कमजोर झालेला असतो. प्लीहा वाढलेली असेल तर पोटावर पडणारा दाब धोक्याचा ठरतो.

हृदयविकार, वाढलेला रक्तदाब, फिट येणे किंवा मणक्याचा त्रास असलेल्यांनी आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनीही आधी विचारावे. गरोदरपणी हा खेळ नको. पाळीच्या दिवसांत सराव करायला हरकत नाही. ज्या मुलींना चक्कर येते, दम लागतो, त्यांनी आधी हिमोग्लोबिन तपासून घ्यावे.

नायटा घरी आणू नका

या खेळात अंगाला अंग लागते. त्यामुळे नायटा, पिकणारे फोड आणि ओठांवरचे पाणीदार फोड एकाकडून दुसऱ्याकडे जातात. एका खोलीत सहा माणसे राहत असतील, तर एकाचा नायटा महिन्याभरात सगळ्यांना होतो. म्हणून काही नियम पाळावेत. सराव झाल्यावर शक्य तितक्या लवकर साबणाने आंघोळ करावी. सरावाचे कपडे प्रत्येक वेळी धुऊन उन्हात वाळवावेत, घामट कपडे तसेच पिशवीत ठेवू नयेत. टॉवेल कोणाबरोबर वापरू नये. नखे कापावीत. गादीवर चपला नकोत आणि संडासात अनवाणी जाऊन तेच पाय गादीवर आणायचे नाहीत. शिक्षकाने गादी रोज पुसून घ्यायला हवी.

नायटा उठला तर बरा होईपर्यंत सराव थांबवावा. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने मिश्र मलम आणू नये. अशा अनेक मलमांत स्टिरॉइड असते. चार दिवस खाज थांबते, पण नायटा दबून पसरतो आणि नंतर औषधाला दाद देत नाही. डॉक्टरांनी सांगितलेले औषध डाग गेल्यावरही सांगितलेल्या मुदतीपर्यंत घ्यावे.

कान चोळला जाऊन सुजला आणि मऊ लागला, तर त्यात रक्त साचलेले असते. दोन-तीन दिवसांत डॉक्टरांकडून ते काढून घेतले नाही तर कान कायमचा वेडावाकडा होतो.

वर्ग कसा निवडावा?

आई-वडिलांना सराव बघू न देणाऱ्या जागी मूल पाठवू नका. या खेळात स्पर्श अटळ आहे, म्हणूनच नियम जास्त स्पष्ट हवेत. शिक्षक डाव दाखवण्याआधी विचारतो का, मुलीला मुलीबरोबर सराव करण्याची मुभा आहे का, एकट्या मुलाला बंद खोलीत शिकवले जात नाही ना, हे बघा. "मला या व्यक्तीबरोबर सराव करायचा नाही" असे म्हणण्याचा हक्क प्रत्येक मुलाला आहे आणि त्याचे कारण देण्याची सक्ती नको. काही खटकले तर मुलांसाठी 1098 आणि तातडीसाठी 112 हे क्रमांक घरात लिहून ठेवा. मूल सांगते त्यावर आधी विश्वास ठेवा.

सहा महिन्यांत काळा पट्टा देणाऱ्यांपासून दूर राहा. मोठ्यांसाठी पट्ट्यांचा क्रम पांढरा, निळा, जांभळा, तपकिरी, काळा असा असतो. लहान मुलांना पांढऱ्यानंतर राखाडी, पिवळा, नारिंगी, हिरवा असे पट्टे असतात आणि निळा पट्टा सोळाव्या वर्षापूर्वी मिळत नाही. नियमित सरावाने निळ्या पट्ट्याला साधारण दीड-दोन वर्षे आणि काळ्याला दहा वर्षांच्या आसपास लागतात.

खर्चाचे म्हणाल तर सुरुवातीला जाड अंगरखा नसला तरी चालतो. अंगाला बसणारा टी-शर्ट आणि चेन-बटण-खिसे नसलेली चड्डी पुरे. अंगठी, कानातले, बांगड्या काढून ठेवाव्यात. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत याचे वर्ग आहेत. जिथे नाहीत तिथे ज्युदोचा वर्ग किंवा गादीवरच्या कुस्तीची तालीम हा उत्तम पाया आहे. पडणे, तोल आणि पकड तिथेही शिकायला मिळते. विहाराचे सभागृह संध्याकाळी रिकामे असेल, तर विहार समितीने वस्तीतल्या चार घरांना बरोबर घेऊन गाद्या जमवाव्यात. पण जाणता शिक्षक मिळेपर्यंत सुरुवात करू नये.

रस्त्यावर किती उपयोग?

एकाने एकाला जमिनीवर दाबले तर सुटून उठणे, एवढी मदत ही विद्या नक्की करते. मुलींना याचा मोठा उपयोग आहे. पण समोर दोघे-तिघे असतील तर जमिनीवर लोळणे आत्मघात ठरेल. सुरा असेल तर कोणताही डाव भरवशाचा नाही. तिथे पळणे, ओरडणे, माणसे गोळा करणे हेच शहाणपण. वर सांगितलेली चौथी हालचाल, म्हणजे सांभाळून उठणे, इथे सगळ्यात कामाची आहे. उठायचे ते पळण्यासाठी.

आठवड्यातून दोन दिवस, तासभर, हळूहळू. पहिले तीन महिने कोणाला हरवायचे नाही, फक्त पडायचे, सुटायचे, श्वास घ्यायचा आणि वेळेवर थाप मारायची. जे मूल हे शिकले ते घरी येऊन लहान भावाचा गळा आवळणार नाही. उलट गल्लीत कोणी तसे करताना दिसले, तर "सोड, त्याने थाप मारली" असे तेच पुढे होऊन सांगेल.

जय भीम! नमो बुद्धाय!